वारा होता

दुकानावर पाटी अजून पटेलांचीच आहे.
आधी सांगायचे, आम्ही सबनीस, मिरजेचे.
ग्रिम्सबीत एकोणीस वर्षं काढल्यावर
आता मिसेस पटेल म्हटलं की ओ देते.

पहाटे साडेचारला व्हॅन गठ्ठे टाकून जाते.
प्लॅस्टिकची पट्टी कापली की फट्‌ करून देश उघडतो:
लाल माथ्याचा, निळ्या माथ्याचा,
आणि तो रुंद, जड, जो फक्त तिघं घेतात.
पुरवण्या आत सरकवता सरकवता मी वाचून काढते.
सहाच्या आत मला ठाऊक असतं
आज गावाचं मत काय असणार आहे.

क्लिफर्डचा गुडघा वाकत नाही,
त्याचा पेपर मी वरच्या फळीवर ठेवते.
सव्वासातला नेतो, दहाला दुधासाठी परत येतो,
काउंटरवर कोपर टेकवून सांगतो,
"माझं ऐक, हे सगळं त्या बोटींमुळे."
पान सहा, दुसरा रकाना.
'माझं ऐक' तेवढं त्याचं स्वतःचं.

मिसेस थर्कल रुंद पेपरवाल्या.
त्यांचं मत पान एकवीसवर असतं,
आणि त्या ते अर्धविरामासकट बोलतात.
दोघं एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणतात
शिवी हासडावी तसं.

तेवढ्यात कपचा सामना आला.
आमचा संघ नावाला ग्रिम्सबीचा,
मैदान शेजारच्या क्लीथॉर्प्सला, खाडीच्या तोंडाशी.
समोर लंडनचे कोट्यधीश.
अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत बरोबरी,
मग टोबी स्टॅमर्स, वय वीस, गोलकीपर,
उंच आलेल्या चेंडूखाली चुकला.

त्या रात्री काउंटरवरच्या टीव्हीत
घट्ट सुटातले तीन माजी खेळाडू.
गोल थांबवला, मागे नेला, पुन्हा थांबवला,
टोबीभोवती पिवळं वर्तुळ, पायापाशी बाण.
"इथे त्यानं एक पाऊल मागे यायला हवं होतं."
वरातीमागून घोडं,
आणि घोड्याला पगार किती!

सोमवारी माझ्या दुकानात
चौतीस माणसं एक पाऊल मागे गेली असती.
क्लिफर्डसुद्धा. त्या गुडघ्यानं.

मंगळवारी व्हॅन आलीच नाही.
कुठेतरी छापखाना बंद पडला म्हणे.
रिकाम्या फळीसमोर माणसं उभी,
चष्मा हरवल्यासारखी.
कोणी हवामान काढलं, ते लगेच संपलं.
मग क्लिफर्ड बोलला त्याच्या भावाबद्दल,
बाहत्तरच्या हिवाळ्यात ट्रॉलरवर गेलेला, आइसलंडच्या बाजूला,
त्याचे बूट आई दर शनिवारी पॉलिश करायची.
मिसेस थर्कल म्हणाल्या, कोणत्या बोटीवर?
त्यांचे वडील त्याच बोटीवर स्वयंपाकी होते.
अठरा वर्षं हे दोघं माझ्या दुकानात
देशाचं काय करायचं यावर भांडत आले होते.

आणि मग क्लिफर्ड माझ्याकडे वळला:
"तुला काय वाटतं, मिसेस पटेल? त्या पोराबद्दल?"
मला कधी कोणी विचारलं नव्हतं.
तोंड उघडलं, तर जिभेवर काय आलं?
एक पाऊल मागे.
लाज वाटली. गिळून टाकलं.

म्हटलं, मी होते तिथे. फुकटचं तिकीट होतं,
गोलमागे, तिसरी रांग.
माझा स्कार्फ उडून एका म्हाताऱ्याच्या चहात पडला.
खाडीवरून वारा सुटला होता हो,
चेंडू हवेतच वळला.
टोबी बरोबर जागी होता, चेंडू नव्हता.

कोणी काही बोललं नाही.
मिसेस थर्कलनी दुधाची बाटली या हातातून त्या हातात घेतली.
क्लिफर्ड म्हणाला, "वारा. हं."
समुद्रावर भाऊ गमावलेला माणूस,
त्यानं तो शब्द जरा वेळ तोंडात धरला.

साडेअकराला व्हॅन आली.
मी पट्टी कापली.
क्लिफर्डनं तिथेच उभ्या उभ्या मागचं पान उघडलं,
बोट लावून ओळ न्‌ ओळ वाचली,
वारा शोधत.

मग घडी घातली, नाणी मोजून ठेवली,
आणि मलाच समजावत म्हणाला,
"नसेल गं."