अंगठ्याखालची माणसं

फोटो हातात आला की मी आधी
माणसांवर अंगठा ठेवतो.
टोप्या, मिशा, कुणाचं तरी लग्नाळू हसू,
सगळं मध्ये येतं.
मला हवी असते शेपटीची गोलाई,
पंखांमधल्या दांड्यांचा कल,
धुराडं डावीकडे की उजवीकडे,
चाकाला आरे आहेत की नुसती तबकडी.

एकतीस वर्षं पायसांदूच्या शीतगृहात
गोठवलेल्या बैलांचे नंबर लिहिले.
आता संध्याकाळी नंबर नसलेली विमानं बघतो.
ओळख पटली की डोक्यात
गंजलं कुलूप उघडल्याचा आवाज होतो.
बायको म्हणायची, वॉशिंग्टन,
माझा वाढदिवस विचारला की मात्र छताकडे बघतोस.

मंगळवारी नेलिदा बारेइरो आली,
बिस्किटांच्या डब्यातला एक फोटो घेऊन.
कडा उंदराने खाल्लेल्या, मागे कोरं.
"बाबा सांगायचे, नदी ओलांडली,
पलीकडे कोलोनवर एक घिरटी घालून आलो.
आम्ही जेवता जेवता हसायचो.
आई म्हणायची, गप्पांना पेट्रोल लागत नाही."

तीन रात्री गेल्या.
सात सिलिंडर, तेही दुसऱ्याच कुठल्या यंत्रातले.
शेपटी फ्रेंच वळणाची, चाकं मोटारसायकलची.
पुस्तकांत नाही. माझ्या चार खोक्यांत नाही.
कुण्या सुताराने,
ज्याला विमान एकदाच आणि लांबून दिसलं होतं,
आठवेल तसं बांधलेलं.

चौथ्या रात्री भिंग
पंखाच्या पुढच्या कडेवर आलं.
बारीक ठिपके.
धूळ समजून फुंकर मारली.
गेले नाहीत. फोटोतलेच होते.

चिलटं.
चिरडलेली, फक्त पुढच्याच कडेला,
उन्हाळ्यात तिन्हीसांजेला नदीवर असतात तशी, शेकड्यांनी.
उभ्या विमानाला चिलटं अशी लागत नाहीत.

नेलिदाला म्हटलं, नाव काही सापडलं नाही.
पण उडालं होतं.
बऱ्यापैकी वेगात. आणि पाण्यावरून, बहुतेक.

ती बोलली नाही.
भिंग मागितलं,
ते पंखाकडे नेलंच नाही.
तेव्हा कळलं, माझा अंगठा
अजून तिथेच आहे,
इंजिनाशेजारी उभ्या माणसाच्या तोंडावर.

उचलला.
कपाळावर सरकवलेल्या त्याच्या गॉगलवर
तेच ठिपके.
एक तर थेट भुवईत.