रकाना सातवा

तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये
दुपारच्या सुट्टीत मी पट्टा बांधते दंडाला.
गजराक्का बाही वर करते,
बोटं साखरेनं चिकट, नखांत बारीक काड्या.

एकशे अडुसष्ट. खाली एकशे चार.
पुन्हा फुगवते. तेवढंच.

रकाना सातवा : तंबाखू?
"छ्या बाई! तसलं येसन न्हाई आमच्यात.
त्यो मुकादम खातो पुड्या."
आणि मिसरी?
"मिसरी व्हय! ती दातांला.
सकाळी एकदा, जेवल्यावर,
कामाला बसायच्या आधी,
मग रातीला, झोप येत न्हाई म्हणून."

बायका हसतात. हिरड्या काळ्या, सगळ्यांच्याच.

तव्यावर करपली तरी तंबाखूच ती, अक्का.
तोंडातून धूर निघत नाही एवढंच.
हिरडीतून रक्तात उतरते, नळ्या आवळते,
आणि काळीज धावत राहतं
तू मांडी घालून बसलेली असलीस तरी.

बेदाणा निवडावा तसं
ती माझं बोलणं निवडते. बरंचसं बाजूला सारते.
"जिना चढताना धाप लागती, ती ह्यानंच?"

मला आईचा तवा आठवतो.
तंबाखूची पानं दुकानातून मीच आणायचे,
वासानं शिंकत शिंकत
कुटून डबीत भरून द्यायचे.
तिच्या दाखल्यावर नुसतं 'हृदयविकार'.
सातवा रकाना नव्हताच त्यात.

भोंगा होतो.
गजराक्का कमरेची डबी काढते,
हातात धरून जरा थांबते,
परत खोचते.
उघडली नाही. टाकलीही नाही.

मी रकान्यात लिहिते : होय.