दोनशे अंशांखाली

रात्रपाळी सुटते तेव्हा गेबेखात वारा असतोच.
झोलिस्वा फाटकाबाहेर येते,
केसांची जाळी खिशात कोंबते.
नखांच्या कडांना अजून पांढुरका लेप.

आठ तास एकच काम:
भाजल्या मातीचं पोळं उचलायचं
(माशा नाहीत, मध नाही, नुसती हजारो भोकं),
लेपात बुडवायचं,
हवेच्या झोताने भोकं मोकळी करायची,
भट्टीकडे सरकवायचं.

लेपात प्लॅटिनम. चिमूटभरही नाही.
डोळ्यांना दिसत नाही, पण ते कुठून येतं
हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.
रुस्टेनबर्गला, जमिनीच्या पोटात,
बाप गुडघ्यांवर रांगत खडक फोडायचा.
वर्षाकाठी घरी यायचा तो पैसे घेऊन,
शेवटच्या वर्षी खोकला घेऊन.

पहिल्या दिवशी निकर्कबाईंनी फळ्यावर लिहिलं होतं:
उत्प्रेरक दुसऱ्यांना बदलतो, स्वतः बदलत नाही.
झोलिस्वाने वहीत उतरवून घेतलं
आणि समासात, खोसात, बारीक अक्षरात:
असं कोण असतं?

आज मझ्वांडिले ट्रक घेऊन आलाय न्यायला.
ट्रक दिसायच्या आधी वासाने कळतो.
"काढून टाकलं ते डबडं," भाऊ खूश आहे,
"सारखं चोंदायचं. सरळ पाइप जोडला.
भंगारवाल्याने वर पैसे दिले. ओढ बघ आता!"

चोंदेल नाही तर काय.
बंदर ते शीतगृह, शीतगृह ते बंदर,
एवढ्याशा फेरीत ते तापतच नाही.
दोनशे अंशांखाली झोपलेलं असतं बिचारं,
झोपेतच काजळी गिळत राहतं.
हे ती बोलत नाही.
विचारते एवढंच,
"नंबर काय होता रे त्यावर?"
"कोण बघतं नंबर?"

घराच्या दोन गल्ल्या आधी ती म्हणते, थांबव.
"इथे?"
"बाबा अंगणात बसले असतील."

तो तिच्याकडे बघतो. मग किल्ली फिरवतो.
दोघं वाऱ्यात चालत जातात, न बोलता,
डबा तिच्या हातात, किल्ल्या त्याच्या.

तेव्हापासून तो रोज तिथेच ट्रक लावतो.
पहाटे चारला तिथेच सुरू करतो,
पाच मिनिटं धडधडत ठेवतो.

समोरच्या घराची खिडकी
हल्ली बंद असते.