दोरीच्या या बाजूने

साहर, बंदूक सावलीत ठेव.
लोखंड तापलं की तुलाच चटका बसेल.
मी कुठे पळणार आहे?
नऊ दिवस झाले. कैलाहुनकडे जाणारा रस्ता
दारातून दिसतो, तेवढा पुरतो.

ही दोरी मी ओळखते.
पांढरी, नायलॉनची, दर हाताला एक गाठ.
मागच्या महिन्यात कुंबा आजीच्या घराभोवती
मीच बांधली होती अशी.
"एकवीसच तर दिवस," म्हणाले होते,
जणू एकवीस कोलाच्या बिया मोजून देत होते हातात.
तिचं शेत तेव्हा कापणीला आलं होतं.
भात पाखरांनी खाल्लं.
कागदावर त्याला रकाना नव्हता.

आता त्याच कागदावर माझं नाव.
हातमोजा फाटला, बोटाच्या टोकाशी, तिळाएवढा.
तिळाएवढ्या भोकातून
अख्खं घर आत गेलं.

सकाळी एक पोरगा येतो, कपाळाशी यंत्र धरतो,
आकडा मोठ्याने सांगतो, मला नाही, वहीला.
शेजारीण आपल्या कोंबड्या माझ्या अंगणातून हाकलते.
मी रागावत नाही.
नाही, खोटं बोलले. रागावते.
रात्री रागावते, दिवसा आकडे आठवते:
छत्तीस पाच. छत्तीस सात.

परवा रात्री तू आलास, टॉर्च न लावता.
फायाला ताप, म्हणालास.
पायाळू तुझा फाया, मीच काढला होता त्याला.
तू दोरी वर उचललीस.
वाकून निघाले असते तर तीन पावलं.
साहर, ती तीन पावलं
मी अजून चालते आहे.

"खाली ठेव," म्हणाले.
मग अंधारात ओरडून सांगत बसले:
मीठ किती, साखर किती, पाणी उकळून गार केलेलं,
लघवी होते का बघ, उजाडताच दवाखान्यात ने.
मलेरियाच निघाला.
तू हसत सांगायला आलास, तेव्हा
दोरीला टेकला होतास, विसरून.

तर आता लिही. वरच्या साहेबांना लिही:
दोरी राहू दे. दोरीवर माझी सही समजा.
पण दोन दिवस पाण्याची गाडी आली नाही,
त्या तहानेवर सही कुणाची?
पगार थांबवला, तो कुठल्या जंतूला घाबरून?
आणि त्याखाली लिही, कुंबा आजीचं भात,
साडेचार पोती,
नर्सने पाहिलं होतं, लिहिलं नव्हतं.

नाव घाल: फिंदा तेंग्बे.
कागद तिकडूनच धर.
हात लावणार नाही.
वाचेन.