अडीच किलो पोटॅश

शंभर लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅश,
दीड लिटर डिपिंग ऑइल.
सावळजच्या शेडवर हे माप माझ्याकडे.
काठीनं ढवळायचं, मग क्रेट बुडवायचं.

द्राक्षाला अंगचं मेण असतं,
पांढुरकं, बोट लावलं की पुसलं जाणारं.
त्याच्याच भरवशावर मणी आपलं पाणी धरून बसतो.
आम्ही ते मेण उतरवतो,
नाहीतर बेदाणा व्हायला महिना लागेल
आणि व्यापारी काही महिनाभर थांबत नाही.

निंगव्वाच्या हातांनाही मेण असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती जतकडची. फेब्रुवारीत येते, एप्रिलात जाते.
हातमोजे दिले होते, निळे;
घड निसटतो म्हणून तिनं ते
पोराला फुगवायला दिले.
होळीपर्यंत पेरं उलली.
रेशनच्या यंत्रावर अंगठा ठेवला तर यंत्र ओळख देईना.
दुकानदारानं काच पुसली. परत तेच.
ती हसून म्हणाली, बोटंच संपली की माझी.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर वीट काढली,
विटेवर वीट,
आणि मधल्या दरजा पेनानं गिरवल्या :
ह्यातला चुना वाहून गेलाय.
आतलं पाणी बाहेर, बाहेरचं पोटॅश आत.
मी खिडकीतून खालचा रिक्षा स्टँड बघत राहिलो.

ट्यूब साडेचारशेची.
मागं बारीक अक्षरांत करडईचं तेल लिहिलेलं.
मी मोठ्यानं वाचलं.
निंगव्वा म्हणाली, हे तर आमच्या बांधाला
काटे काढून उभं असतंय,
कापताना टोचतंय म्हणून शिव्या खातंय!
बाई म्हणाल्या, चालेल. पण घाण्याचं, कच्चं,
हात धुतल्या धुतल्या, ओलसर असतानाच.
भेगेतून रक्त आलं तर मात्र ट्यूबच.

चौथ्या दिवशी एस.टी.च्या कंडक्टरकडून बाटली आली,
बुचाला चिंधी.
निम्मं तेल खर्ड्यात गेलं.
बाईमाणसं आठ, खर्डा एकटीनं कसा खायचा?
उरलेलं ती रात्री पालथ्या क्रेटवर बसून
पेरापेरांत जिरवायची,
आणि हातात पायमोजे घालून झोपायची.
पायमोजे माझे. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मी तारेचे आकडे वळवले, क्रेट उचलायला.
मालक म्हणाले, वेळ जातो.
म्हटलं, जातो.

परवा नळाखाली हात धरून तिनं मला हाक मारली.
मुठीच्या पाठीवर थेंब उभा होता,
गोल, न पसरता.
मण्यावर असा थेंब उभा राहिला
तर माझं माप चुकलेलं असतं.

बघत काय बसलायस, ती म्हणाली,
टाकी रिकामी आहे.
मी पोटॅशचं पोतं उसवलं.

रेशनच्या यंत्राचं अजून काही खरं नाही.