एकोणपन्नास

डिसेंबरात आमच्या व्हार्डोला सूर्य उगवतच नाही,
त्यामुळे लाजणाऱ्या माणसांना दवाखान्यात यायला
दिवसाची कुठलीही वेळ चालते.
आयविंड तरीही सहाला पाच कमी असताना आला.
मी किल्ल्या हातात घेतलेल्या,
त्याची टोपी त्याच्या हातात,
बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर.

फाटला का, मी विचारलं.
नाही.
निसटला. दुसऱ्यांदा.
सुन्निव्हा चार दिवस झाले, नुसती कॅलेंडरकडे बघते.

कुठाय ती?
बाहेर. गाडीत.
अरे, मग तिला आत घे आधी!
पाच दिवसांपर्यंत एक गोळी असते,
आणि तू इथे टोपी पिळत बसलायस.

ती आली. गोळी घेतली, पाणी प्यायली,
पेला खाली ठेवताना म्हणाली,
याला विचारा, कुठला डबा आणतो तो.

पेट्रोलपंपावरचा. काळा, सोनेरी अक्षरांचा,
सगळ्यात मोठा.
गल्ल्यावर मावसबहीण बसते हो, तो म्हणाला,
तिच्यासमोर निवडत कसा बसू?
समोर होता तो उचलला.
(समोर तर साधेही होते, सुन्निव्हा म्हणाली.)

आता हा आयविंड कोण, तर
धक्क्यावर खलाशांना जीवरक्षक पोशाख देणारा.
गेल्या वर्षी दोन मीटर उंचीच्या एस्टोनियन माणसाला
त्याने बोटीवरून परत उतरवलं,
कॅप्टन शिव्या घालत असताना.
सैल असेल तर गळ्यातून पाणी शिरतं,
आवळ असेल तर शिवण उकलते,
बर्फाच्या पाण्यात कुणी तुझी ऐट बघायला येत नाही.
हे त्याचेच शब्द. अख्ख्या गावाला पाठ.

मी ते त्याला जसेच्या तसे ऐकवले.
कानांच्या पाळ्या लाल झाल्या.
सुन्निव्हा हसली, चार दिवसांत पहिल्यांदा,
मग हसल्याचा राग आल्यासारखी गप्प झाली.

मी टेबलावरच्या कागदाची एक पट्टी कापली.
घरी जा. घाई नको, थंडी नको.
ताठ असताना, जिथे सर्वात जाड, तिथे गुंडाळ,
पेन्सिलीने खूण कर.
लांबी नको सांगूस, लांबीचं कुणी विचारलेलं नाही.
घेर मोज, त्याचं साधारण अर्धं कर,
डब्यावर मिलिमीटरचा आकडा असतो, तो त्याच्या जवळपासचा घे.
आणि तेल, व्हॅसलीन काही लावू नकोस. रबर त्याने सडतं.
दोन एकावर एक घालायची हुशारीही नको.
मापात पाप म्हणतात ते तराजूवाल्याचं.
तुझ्या मापात कसलं आलंय पाप?

गुरुवारी टपालपेटीत पाकीट पडलं होतं,
आत पट्टी, निळी खूण, बाकी एक अक्षर नाही.
मी फूटपट्टी लावली: नऊ पूर्णांक आठ.
खालचा खण ओढला, तो आधी अडकला.
एकोणपन्नासचे सहा डबे, झाकणांवर धूळ.
तारखा पाहिल्या, अजून दोन वर्षं होती.
दरवर्षी येतात, कुणी मागत नाही.
मधल्याला मागणी, मोठ्याला तर विचारूच नका.

मग बराच वेळ खिडकीशी उभी होते.
धक्क्यावरून जाणारे ओळखीचे बूट,
ओळखीच्या चाली,
यातले किती जण दुसऱ्याच्या मापात चालतायत,
आणि किती बायका कॅलेंडरकडे बघतायत.
माझा ओडवार पस्तीस वर्षं अंथरूण पाहून पाय पसरायचा,
पैशांत, दारूत, बोटीच्या कर्जात.
पण हा आकडा त्याने कधी मोजला नाही,
मी कधी विचारला नाही,
आणि मी तर नर्स.

दोन डबे तपकिरी पाकिटात घातले,
वर फक्त "आयविंड, पोशाख विभाग" लिहिलं.
पट्टी उरली.
छोटं गाव आहे. कचरापेटीतलंही इथे वाचलं जातं.
शेगडीचं दार उघडून आत टाकली;
निळी खूण
सगळ्यात शेवटी जळाली.