टक

टमाटे दोन रुपये किलो झाले त्या दिवशी
मार्केट यार्डातला टेंपोवाला म्हणाला,
"वहिनी, न्या कॅरेट, नाहीतर मी
हैदराबाद नाक्यापलीकडं ओतणारच आहे."
तर मी आणलं. एक नाही, दोन.
पाणी चौथ्या दिवशी येतं, आज दुसरा,
हे मला जिन्यात आठवलं.

बाटल्या होत्या. बाटल्या मी टाकत नाही.
कॉफीच्या दोन, मधाच्या तीन,
खानावळीतनं मागून आणलेल्या लोणच्याच्या पाच,
आणि जॅमची एक, जिच्या झाकणावरचा आंबा
अजून हसतोय.

महानंदा दारात उभी राहून म्हणाली,
"मशीनशिवाय होतंय व्हय असलं?
कंपनीत प्रेशर असतंय, मीटर असतंय."
म्हटलं, टमाटा आंबट आहे बाई,
निम्मं काम तो स्वतःच करतो.
थोडं लिंबू करतं, बाटलीला मोठा चमचाभर.
राहिलेलं उकळतं पाणी.
मटार असते तर मी हात लावला नसता.
माझा करार फक्त आंबटाशी.

पातेलं बुर्रांच्याकडून आणलं, लग्नातल्या भाताचं.
तळाशी टॉवेल, चार घड्या.
काच तळाला लागली की तडकते.
टॉवेलला आमच्याकडं तोटा नाही.
ज्याची किनार वाकडी गेली,
ज्याच्या निळ्यात लाल धागा घुसला,
ज्याच्यावरचं मोराचं जोडपं
एकमेकांकडं पाठ करून विणलं गेलं,
त्याला मालक सेकंड म्हणतो,
अंबादासच्या पगारातनं कापतो,
आणि अंबादास तो काखेत मारून घरी आणतो.

चाळीस मिनिटं.
मोरांनी रंग सोडला. पाणी गुलाबी झालं.
बाटल्या काढायला सांडशी पुरेना,
मागाच्या जुन्या तारेची कडी वाकवून ठेवली होती त्यानं,
तिनं एकेक उचलली, ओट्यावर ठेवली,
वाऱ्याला लागू नये म्हणून खिडकी लावली.
गुलाबी पाणी बादलीत. संडासाला होईल.

आता फक्त ऐकायचं.
बाटली निवते, झाकण आत ओढलं जातं,
तेव्हा टक वाजतं. एवढंच.
पण भिंतीपलीकडं चार माग.
खट्याक खट्याक खट्याक,
या आवाजात मी कुकरच्या शिट्ट्या मोजते,
पोरीचा कण्ह ओळखते,
भांडण झालं तर ओठांवरनं कळतं कोण काय म्हणालं.
पण टक?
टक म्हणजे बिडीचं तोंड दुमडल्याएवढा आवाज.

एक वाजून गेल्यावर लाईट गेली.
चारही माग एका दमात थांबले.
पगार मीटरवर आहे, कापडाच्या मीटरवर.
थांबलेल्या मागाला कुणी काही देत नाही.
तो आता पायरीवर येऊन बसला असणार,
बनियन वर करून पोटाला वारा घेत,
किती गेले याचा हिशेब करत.
मीही तोच करायला घेतला होता,
तेवढ्यात अंधारातनं, ओट्यावरनं

टक.

मग बराच वेळ काही नाही.
मग दोन लागोपाठ.
मी श्वास धरून पडले. चार. पाच.
पोरगी झोपेत म्हणाली, "कोण आलं?"
दहा.

अकरावीची वाट बघत होते तर लाईट आली.
खट्याक खट्याक.
आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं,
घटकाभरच.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

सकाळी बोटानं दाबून बघितलं.
जॅमचीच होती. झाकण खालीवर होत होतं,
बेडकाच्या गळ्यासारखं. वर आंबा हसतोय.
तिचं लगेच सार केलं.
महानंदाला वाटीभर दिलं. म्हणाली, मीठ कमी आहे.

अंबादासनं दोरीवरचा टॉवेल
उजेडाकडं धरून उलटापालटा केला.
"रंग कच्चा आहे," म्हणाला, "विणकाम नाही."
आणि त्यालाच तोंड पुसून
झोपायला गेला.